चीर दिसली, पण सांगायची कुणाला?

काही वर्षांपूर्वी मी पुण्याजवळच्या एका बांधकामावर साइट इंजिनिअर होतो. ड्रेनेजच्या पाइपसाठी काळ्या मातीत अडीच मीटर खोल चर खणला होता. जेवणाच्या सुट्टीत त्याची एक बाजू ढासळली. माणसं वर भाकरी खात बसली होती, म्हणून वाचली.

संध्याकाळी खोदाईच्या टोळीतले एक वयस्कर कामगार मला म्हणाले, ‘‘साहेब, काठावरची चीर सकाळीच दिसली होती. पण सांगितलं असतं, तर तुम्ही म्हणाला असतात, काम टाळतोय.’’

माझ्यापाशी नियमांचं पुस्तक होतं, त्यांच्यापाशी मातीची ओळख होती. दोन्हींची गाठ मात्र पडली नव्हती.

काळी माती वाळली की भेगाळते. भेगेत पाणी शिरलं की सैल होते. त्यात काठावरच मातीचा ढीग रचला, जवळून डंपर गेला, की कड सुटते. एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाहून जास्त भरतं. छातीवर तिचा दाब आला, तर डोकं बाहेर असूनही श्वास कोंडतो. म्हणूनच खोदाईच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक ३७६४ सांगतं, की मातीतला चर दीड मीटरहून खोल गेला की बाजूंना फळ्यांचा आणि टेकूंचा आधार द्यावा. उपसलेली माती काठापासून दूर टाकावी. चढायला शिडी हाताशी असावी.

पण हे इंग्रजीत फलकावर लिहून भागत नाही. आपल्या साइटवर मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू बोलणारी माणसं एकाच चरात उतरतात. त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. रोज काम सुरू होण्याआधी पाच मिनिटं सगळ्यांना चराच्या काठाशी बोलवायचं. आधी आपण सांगायचं नाही, विचारायचं : ‘‘काल काय होता होता वाचलं?’’ सांगणाऱ्याला दोष द्यायचा नाही, त्याची हजेरी कापायची नाही. ऐकलेलं त्यांच्या भाषेत नव्या टोळीच्या मुकादमालाही सांगायचं, कारण ठेकेदार बदलला की जुना अनुभवही ट्रकमध्ये बसून निघून जातो.

पहिले आठ दिवस कुणी बोललं नाही. नवव्या दिवशी एका बाईंनी परातीचा सैल बांबू दाखवला. आम्ही तो तिथल्या तिथे बांधून घेतला. दुसऱ्या दिवशी चौघं बोलले.