डेझी पीअर्स : अठ्ठाविसाव्या वर्षीचं पदार्पण

लेखमाला : मैदान त्यांचंही
लेखांक सातवा

महिलांच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या नोंदवहीत डेझी पीअर्सचं पहिलं पान फेब्रुवारी २०१७चं आहे. लीगच त्या महिन्यात सुरू झाली, त्यामुळे त्याआधीचं तिथे काही असण्याचा प्रश्नच नाही. नुसती नोंदवही वाचणाऱ्याला वाटेल, ही बाई अठ्ठाविसाव्या वर्षी कुठून तरी उगवली आणि थेट मेलबर्न संघाची कर्णधार झाली. तिच्या कारकिर्दीचा सुरुवातीचा काळ शोधायचा तर नोंदवही मिटून किमान दहा वर्षं मागे जावं लागतं.

व्हिक्टोरिया राज्याच्या ईशान्येला, डोंगरांच्या पायथ्याशी ब्राइट नावाचं छोटं गाव आहे. डेझी तिथे मुलांच्या बरोबरीनं खेळत वाढली. तिच्या लहानपणी या राज्यात बारा वर्षांवरच्या मुलींना मुलांच्या संघातून खेळायला मनाई होती. मुलींचे वेगळे संघ जवळपास नव्हतेच, म्हणजे बाराव्या वर्षी फुटबॉल सुटायचा आणि नेटबॉल किंवा आणखी काहीतरी हाती यायचं. २००३ मध्ये पेनी क्युला-रीड आणि तिच्या दोन मैत्रिणींनी या नियमाविरुद्ध राज्याच्या न्यायाधिकरणात दाद मागितली. पुढच्या वर्षी निकाल लागला. वयाची अट थोडी सैल झाली, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुलींसाठी स्वतंत्र स्पर्धा सुरू करणं राज्याच्या फुटबॉल संघटनेला भाग पडलं. माझ्या मते या खेळातल्या बायकांचा इतिहास २०१७च्या झगमगाटापेक्षा या खटल्यापासून सांगायला हवा. क्युला-रीड पुढे २०१७च्या त्या लीगमध्ये कॉलिंगवूड क्लबकडून खेळली.

डेझी मेलबर्नला आली आणि डॅरबिन फाल्कन्स या क्लबकडून खेळू लागली. शहराच्या उत्तर भागातला हा क्लब फक्त बायकांचा. राज्याची महिला लीग १९८१ पासून चालू होती, चार संघांनी सुरू झालेली. तिथे मानधन नव्हतं, उलट खेळायचं तर वर्गणी आपल्याच खिशातून भरायची. डॅरबिननं या लीगची जेतेपदं ओळीनं जिंकली आणि डेझी त्या संघाचा कणा झाली. लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक तिनं पुन्हा पुन्हा पटकावलं. पेशानं ती मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुईण. रुग्णालयातली पाळी सांभाळून सराव, असं तिचं वेळापत्रक होतं.

ती खेळायची मधल्या फळीत. तिथे नेमकं काय चालतं, हे जरा थांबून पाहू, कारण गोलांच्या यादीत ते दिसत नाही. पंच चेंडू वर उडवतात. दोन्ही संघांतल्या उंच खेळाडू उडी मारून तो आपल्या बाजूला टोलवतात. खाली उभी असलेली मधल्या फळीतली खेळाडू तो उचलते आणि त्याच क्षणी दोघी-तिघी तिच्यावर झेपावतात. चेंडू हातानं फेकायला बंदी. एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसायचा, नाहीतर लाथेनं मारायचा. धरून ठेवला आणि प्रतिस्पर्ध्यानं जखडलं, तर चेंडू गेलाच. म्हणजे चेंडू हातात येण्याआधीच तो कुठे द्यायचा हे ठरलेलं असावं लागतं. पीअर्सचं जे कौतुक झालं ते मुख्यतः या जाणतेपणाचं. असा जाणतेपणा हजारो वेळा चुकून अंगी येतो, आणि तिला ते चुकणं कॅमेऱ्यांशिवाय, चार टाळकी बघत असलेल्या मैदानांवर करायला मिळालं. ही सोय होती असं मी म्हणणार नाही, पण तिचा खेळ पक्का झाला तो तिथेच.

मे २०१३ मध्ये बायकांसाठी पहिला ड्राफ्ट झाला. ड्राफ्ट म्हणजे क्लबांनी आळीपाळीनं खेळाडू निवडायचे, लिलावासारखी बोली नाही. पहिलंच नाव मेलबर्न क्लबनं पुकारलं, डेझी पीअर्स. देशातली पहिली निवड होऊन तिला मिळालं काय? एक सामना. २९ जूनला, पुरुषांच्या सामन्याआधी, मेलबर्न विरुद्ध वेस्टर्न बुलडॉग्ज, क्रिकेटमुळे आपल्या ओळखीच्या त्याच एमसीजीवर. करार नाही, पगार नाही. सामना संपल्यावर सगळ्याजणी परत आपापल्या क्लबात आणि कामावर. असे प्रदर्शनी सामने दरवर्षी होऊ लागले, टीव्हीवरही आले, आणि बघणारा वर्ग आहे हे दिसल्यावर २०२० साठी बोलली जाणारी लीग २०१७ वर आणली गेली.

लीग उशिरा आली की काय होतं, हे आपल्याकडे क्रिकेटमध्ये दिसलं. मिताली राजनं जून २०२२ मध्ये निवृत्ती घेतली आणि महिला प्रीमियर लीगचा पहिला सामना नवी मुंबईत मार्च २०२३ मध्ये झाला. त्या लीगमध्ये खेळणं तिचं नऊ महिन्यांनी हुकलं. पीअर्सचं हुकलं नाही इतकंच.

जुलै २०१६ मध्ये आठ क्लबांनी प्रत्येकी दोन बिनीच्या खेळाडू जाहीर केल्या. मेलबर्ननं घेतल्या पीअर्स आणि मेलिसा हिकी. बिनीच्या खेळाडूंना पहिल्या मोसमाचे २७,००० ऑस्ट्रेलियन डॉलर ठरले, त्याखालच्या गटाला १२,००० आणि उरलेल्या बहुतेकींना ८,५००. खालचा आकडा सुरुवातीला ५,००० होता, खेळाडूंच्या संघटनेनं घासाघीस करून तो वाढवला. व्यावसायिक म्हणवणाऱ्या या लीगमध्ये जवळपास प्रत्येकीला दुसरी नोकरी ठेवावीच लागली.

३ फेब्रुवारी २०१७ला कार्ल्टन-कॉलिंगवूड सामन्यानं लीग सुरू झाली. प्रवेश मोफत होता. २४,५६८ माणसं आत गेली, मग दारं बंद करावी लागली आणि लीगच्या प्रमुखांनी बाहेर उरलेल्यांची माफी मागितली. दोन दिवसांनी पीअर्सचा मेलबर्न संघ ब्रिस्बेनविरुद्ध उतरला आणि हरला. पुढे मात्र सातपैकी पाच सामने जिंकले. ॲडलेडचेही पाच झाले. अंतिम सामना फक्त पहिल्या दोन संघांत होता, आणि बरोबरी सुटते ती केलेल्या गुणांना खाल्लेल्या गुणांनी भागून, साधारण आपल्या नेट रन रेटच्या धर्तीवर. त्या भागाकारात ॲडलेड पुढे गेला आणि विजेताही ठरला. मोसमातल्या निवडक सर्वोत्तम संघाचं कर्णधारपद मात्र पीअर्सकडे आलं, आणि तिच्या क्लबचा सर्वोत्तम खेळाडूचा मान २०१७ आणि २०१८, दोन्ही वर्षी तिचाच. २०१९चा मोसम ती खेळली नाही, त्या वर्षी तिला जुळं झालं. इतकी वर्षं इतरांची बाळंतपणं करणारी ही सुईण २०२० मध्ये मैदानावर परतली.

मेलबर्नला मागे टाकणाऱ्या ॲडलेड संघात एरिन फिलिप्स होती. मुलगी म्हणून तेराव्या वर्षाच्या आसपास तिचा फुटबॉल सुटला, ती बास्केटबॉलकडे वळली, अमेरिकेतल्या लीगची दोन जेतेपदं आणि ऑलिम्पिकचं रौप्यपदक मिळवून एकतिसाव्या वर्षी परत आली आणि पहिल्याच मोसमात लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली. तिच्याविषयी पुढच्या आठवड्यात.