नऊ वर्षांनंतरही

ॲनोरेक्सिया नर्व्होसा हा स्वतःला उपाशी ठेवण्याचा आजार वर्षानुवर्षे मुक्कामाला राहिला की घरचे थकतात आणि ‘आता हिचं काही होणार नाही’ असं बोलून जातात. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी अशा स्त्रियांची दोन दशकांहून जास्त काळ विचारपूस केली. 2017मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार नऊ वर्षांनी जेमतेम 31 टक्के बऱ्या झाल्या होत्या, 22 वर्षांनी मात्र जवळजवळ 63 टक्के. नऊ वर्षांतही ज्यांना उतार पडला नव्हता, त्यांतल्या सुमारे निम्म्या पुढे सावरल्या. हे आकडे प्रत्येक थकलेल्या आईबापांपर्यंत पोचायला हवेत.

आजार जुना आणि वजन फारच घटलेलं असेल, तर बहुतेक वेळा रुग्णालयात दाखल व्हावं लागतं. तिथे पहिला धोका असतो तो अन्नाचाच. उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने पेशींत ओढलं जातं आणि हृदयाची लय बिघडून जीवही जाऊ शकतो. म्हणून रोज रक्ततपासणी, थायमिन हे जीवनसत्त्व आणि मोजूनमापून वाढवलेला आहार.

जेवणाच्या टेबलावर नर्स शेजारी बसते. टोस्टवरचं लोणी बोटाने पुसून बाहीत लपवलं जातं, ते तिला ठाऊक असतं. ती रागावत नाही, दुसरं लोणी आणते. जेवणानंतर काही वेळ बाथरूमला एकटीने जाता येत नाही. बाहेरून हे क्रूर वाटतं. मला ते तसं वाटत नाही, कारण त्या वेळी खायचं की नाही हा निर्णयच रुग्णाच्या डोक्यावरून उतरवलेला असतो.

1944-45मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते तरुण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटं चाटू लागले, खिन्न झाले. उपासमार नुसतं अंग नाही, विचारही आक्रसवते. म्हणून आधी पोट, मग समुपदेशन.

वजन भरलं म्हणजे आजार गेला, असं मात्र नाही. घरी परतल्यावर ‘अंगाने छान भरलीस गं’ हे कौतुक तिला जिव्हारी लागतं, ते टाळावं. रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या पहिल्या वर्षात आजार उलटण्याची भीती मोठी. ठरलेल्या वेळी सोबतीने जेवण, ठरलेल्या दिवशी दवाखान्यात वजन, आणि काटा खाली सरकू लागताच पुन्हा डॉक्टरांकडे. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दाखल व्हावं लागलं, तर तोही उपचारच.