भातशेतीतील साप : मित्र आणि वैरी

भातकापणी सुरू झाली की शेतात, खळ्यावर आणि उडवीच्या आसपास उंदरांची वर्दळ वाढते, आणि उंदरांच्या मागोमाग साप येतात. भारा उचलताना साप दिसला की काठी उगारली जाते. तो साप कोणत्या जातीचा आहे, हे पाहण्याचे भान त्या क्षणी क्वचितच कोणास राहते. श्रावणात नागपंचमीस जमीन न खणण्याचा नेम पाळणारा शेतकरीही कार्तिकात निरुपद्रवी धामण ठार मारतो. यात त्याचेच नुकसान होते.

जगात सापांच्या सुमारे ४,००० जाती आहेत. भारतात ३००हून अधिक जाती आढळतात. त्यांपैकी बहुसंख्य बिनविषारी आहेत. ठाणे जिल्ह्यात डोंगर, भातखाचरे, उल्हास नदीचा काठ आणि खाडी ही सर्व एकत्र असल्यामुळे येथे सापांचे वैविध्य मोठे आहे. पाणथळ खाचरात पाणदिवड, बांधावर नानेटी व धामण, झुडपांत हरणटोळ, कुंडीतील मातीत गांडुळासारखा दिसणारा वाळा, तर येऊरच्या व माळशेजच्या रानात हिरवा चापडा असतो. कल्याण-डोंबिवली परिसरातील खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या, तरी तेथील साप नाहीसे झाले नाहीत. उंदरांच्या शोधात ते घरांच्या आवारात शिरतात.

चार विषारी साप

माणसास प्राणघातक ठरणारे दंश मुख्यतः चार सापांचे असतात. नाग फणा काढतो. घोणस जाड अंगाची असून तिच्या पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. ती मोठ्याने फुत्कारते. फुरसे लहान असते व अंगावरील खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढते. मण्यार काळी असून तिच्या अंगावर पांढरे पट्टे असतात.

या चौघांत मण्यार विशेष फसवी आहे. ती रात्री हिंडते व जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. दंशाच्या जागी वेदना किंवा सूज फारशी नसते. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, आणि पुढे श्वास कोंडतो. बिनविषारी कवड्या तिच्यासारखाच दिसतो. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असून शेपटीकडे फिकट होतात. मण्यारीचे मानेजवळ विरळ किंवा अस्पष्ट असून शेपटीकडे स्पष्ट होतात. तथापि ही पारख दुरूनच करावी. संशय असल्यास साप विषारी मानूनच वागावे.

धामणीचा उपकार

धामण गाईच्या पायांस वेढा घालून दूध पिते, हा समज निराधार आहे. सापाचे दात मागे वळलेले व टोकदार असतात. त्यांनी आचळ ओढणे शक्य नाही. धामणीचे खरे अन्न उंदीर व बेडूक हे होय. बिळात शिरून उंदरांची पिल्ले फस्त करणारा असा विनावेतन राखणदार दुसरा नाही. मांडुळामुळे गुप्तधन मिळते, हाही खोटा समज असून त्यापायी या निरुपद्रवी सापाची चोरटी विक्री होते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ती गुन्हा आहे.

दंश झाल्यास

अभ्यासकांच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. त्यांत खेड्यांतील माणसे बहुसंख्य होती. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. परंतु रुग्ण वेळेवर रुग्णालयात पोहोचला, तरच त्याचा उपयोग.

दंशाची जागा कापू नये, चोखू नये, आवळून दोरी बांधू नये. रुग्णास धीर द्यावा, चालू देऊ नये, दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा व १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मांत्रिकाकडे गेलेला एक तास परत मिळत नाही. घोड्यांच्या रक्तातून तयार होणारे प्रतिविष या चारही सापांच्या विषावर चालते. सापास पकडून रुग्णालयात नेण्याची गरज नाही. तसे करताना दुसरा दंश होण्याचा धोका असतो.

रात्री विजेरीशिवाय बांधावर जाऊ नये, पायांत बूट घालावेत, भारा काठीने हलवून मगच उचलावा, खाटेवर मच्छरदाणी नीट खोचून निजावे आणि सरपण घराला लागून रचू नये. एवढी दक्षता घेतली, तर साप बांधावर आपले काम करील आणि शेतकरी निर्धास्तपणे आपले.