म्हातारे मांजर औषध सुरू असताना अचानक बदलले, तर दोष वयाचा की औषधाचा?

बारा-तेरा वर्षांचे मांजर. मूत्रपिंडाच्या विकारावर, मधुमेहावर किंवा रक्तदाबावर औषध सुरू. कालपर्यंत मांडीवर येऊन झोपणारे हे मांजर आज हात लावताच फिस्कारते, कपाटामागे दडून बसते, रात्रभर घोगऱ्या आवाजात ओरडते, नाहीतर अंथरुणातच लघवी करते. घरातले म्हणतात, ‘म्हातारं झालंय, चालायचंच!’ बारामती, इंदापूरसारख्या तालुक्यांत, जिथे जनावरांचा दवाखाना म्हणजे मुख्यतः गाई-म्हशींचा दवाखाना, तिथे हे उत्तर पटकन स्वीकारले जाते. पण बदल ‘अचानक’ झाला असेल, तर वय हे शेवटचे कारण समजावे.

वय सावकाश बदलते

दहा वर्षांपुढचे मांजर ज्येष्ठ मानले जाते. माणसासारखा विसरभोळेपणा मांजरांनाही येतो. ११ ते १४ वर्षांच्या मांजरांत सुमारे २८ टक्के आणि १५ वर्षांपुढच्या मांजरांत जवळपास निम्म्या जणांत अशी एखादी तरी खूण दिसते, असा आकडा पशुवैद्यक नेहमी देतात. मात्र हा बदल महिन्या-महिन्याने होतो. परवा ठीक होते आणि आज भिंतीवर आदळते, याला विसरभोळेपणा म्हणत नाहीत.

दुखणे लपवण्यात मांजराचा हात कोणी धरणार नाही. २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १२ वर्षांपुढच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले, तेव्हा ९० जणांच्या सांध्यांत झीज आढळली. त्यातली बहुतेक लंगडत नव्हती. अशा मांजराला उचलताना कंबरेला हात लागला की ते बोचकारते आणि आपण म्हणतो, चिडके झाले.

सर्वांत फसवा प्रकार रक्तदाबाचा. मूत्रपिंडाचा जुना आजार किंवा थायरॉइडचा अतिरेक असलेल्या मांजराचा रक्तदाब चढतो आणि डोळ्यातला पडदा सुटून एका रात्रीत दृष्टी जाऊ शकते. मांजर बावचळते, जागच्या जागी ओरडते, पाण्याच्या भांड्यात पाय घालते. अशा वेळी बाहुल्या पाहाव्यात. भर उजेडातही त्या मोठ्या आणि काळ्याभोर राहिल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रक्तदाब लवकर खाली आला, तर काही मांजरांना थोडेफार दिसू लागते.

औषधच वागणूक बदलते तेव्हा

काही बदल औषधाच्या कामाचाच भाग असतात. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडने तहान, भूक आणि लघवी वाढते. वाळूचा ट्रे नेहमीपेक्षा लवकर भरतो आणि तो ओला दिसला की मांजर दुसरीकडे जागा शोधते. ही खोडी नव्हे. पण हेच औषध दीर्घकाळ चालले तर काही मांजरांत मधुमेह उघडा पडतो, तेव्हा वाढलेली तहान डॉक्टरांच्या कानावर घालावीच.

भूक वाढवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मिर्टाझापिनने काही मांजरे अस्वस्थ होतात, सतत म्यांव म्यांव करतात. मूत्रपिंड कमकुवत असेल तर हे औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळते. वेदनेसाठीच्या गॅबापेंटिनने झोप आणि तोल जाणे दिसते. तेही मूत्रपिंडातूनच बाहेर पडते. थायरॉइडच्या गोळीने कधी तोंडाला इतकी खाज सुटते की मांजर चेहरा खाजवून रक्त काढते. मेट्रोनिडाझोल जास्त दिवस किंवा जास्त मात्रेत गेले की मान वाकडी होणे, लडखडणे सुरू होते. एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक मात्रा ओलांडल्यास मांजराच्या दृष्टिपटलाला इजा करते.

यातले एकही औषध वाईट नाही. मूत्रपिंडाची ताकद घटत जाते आणि चार महिन्यांपूर्वी बरोबर बसलेली मात्रा आज जास्त ठरते, एवढाच मुद्दा आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हे फार लवकर घडते. पारा चाळिशीकडे गेला आणि मांजर पाणी कमी प्यायले, की आधीच थकलेल्या मूत्रपिंडावर भार येतो आणि औषध अंगात साचते.

सिरिंज आणि पाव गोळीचा घोळ

मांजराची बरीच औषधे माणसांच्या मेडिकलमधूनच येतात. इथे खरी गोम आहे. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनची मांजराची सुरुवातीची नेहमीची मात्रा ०.६२५ मिलिग्रॅम. म्हणजे ५ मिलिग्रॅमच्या गोळीचा आठवा भाग. सुरीने गोळीचे आठ सारखे तुकडे करून पाहा! २.५ मिलिग्रॅमची गोळी मागितली तर चार तुकड्यांत काम भागते, आणि मेडिकलवाल्याने ‘तीच आहे, फक्त पॉवर वेगळी’ म्हणत दुसरे पाकीट दिले तर गणित बिघडते.

इन्सुलिनचे गणित तर जिवावर बेतते. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन दोन तीव्रतेचे मिळते, एका मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट. सिरिंजही दोन, सहसा ४० ची लाल टोपीची आणि १०० ची नारिंगी. मांजरासाठी वापरले जाणारे ग्लार्जिन १०० चे असते. ते ४० च्या सिरिंजने खुणेप्रमाणे भरले, तर मात्रा थेट अडीचपट होते. साखर घसरली की मांजर भांबावते, मागचे पाय लुळे पडतात, नजर शून्यात जाते, झटकेही येतात. असे दिसल्यास पुढचे इन्सुलिन देऊ नये. हिरड्यांना मध किंवा साखरेचे दाट पाणी चोळावे, शुद्धीत असेल तर खायला द्यावे आणि लगेच निघावे. बेशुद्ध मांजराच्या तोंडात काही ओतू नये.

उलटा प्रकारही होतो. गोळी चिलापीच्या तुकड्यात दडवून दिली, मांजराने मासा खाल्ला आणि गोळी पलंगाखाली टाकली. घरचे समजतात औषध सुरू आहे. प्रत्यक्षात आठवडाभर ते पोटात गेलेलेच नसते. खारवलेल्या सुकटीत किंवा बोंबलात गोळी देणे मूत्रपिंड आणि रक्तदाबाच्या रुग्णाला तसेही परवडणारे नाही.

गाईचे औषध, मांजराचे अंग

दुधाच्या पट्ट्यातली मांजरे गोठ्यात वाढतात. गोचिडांसाठी गाईच्या अंगावर किंवा गव्हाणीभोवती सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन फवारले जाते. त्याच गटातले परमेथ्रिन कुत्र्यांच्या गोचीड-औषधांत असते. मांजराचे यकृत हा गट नीट मोडू शकत नाही. ओल्या गाईला अंग घासून आलेले मांजर स्वतःला चाटते, आणि काही तासांत कान-पाय थरथरणे, लाळ, झटके सुरू होतात. म्हातारे, आधीच औषधावर असलेले मांजर यात टिकत नाही. फवारणीच्या दिवशी ते घरात बंद ठेवणे एवढाच उपाय आहे. त्याच्या अंगावर औषध लागल्याचे कळले आणि ते शांत असेल, तर कोमट पाण्याने, भांड्याच्या सौम्य साबणाने धुवावे. झटके असतील तर अंघोळीत वेळ घालवू नये.

वेदनाशामकांची गोष्ट वेगळी आहे. गिधाडांच्या मृत्यूंमुळे २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली आणि मेलॉक्सिकॅम पुढे आले. गाईसाठी ते उत्तम. पण गाय ४०० किलोची, मांजर ४ किलोचे. शिवाय मांजराला ते वारंवार दिल्यास मूत्रपिंड निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये दिला. मूत्रपिंडाच्या रुग्णाला गोठ्यात उरलेल्या कुपीतले इंजेक्शन ‘थोडंसं’ देऊ नये.

आणि पॅरासिटामॉल? मुळीच नाही. माणसाची एक ५०० मिलिग्रॅमची गोळी मांजर मारायला पुरेशी असते. हिरड्या तपकिरी-निळसर होणे, चेहरा व पंजे सुजणे, धाप लागणे या खुणा. चुकून गेलीच तर गोळीचे पाकीट सोबत घेऊन पळावे. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण वेळेत.

डॉक्टरांना काय सांगायचे?

दवाखान्याच्या टेबलावर मांजर गप्प बसते. म्हणून मोबाइल इथे उपयोगी पडतो. विचित्र वागणुकीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढावा. औषध किती वाजता दिले, बदल किती वाजता दिसला, शेवटचे खाणे-पाणी-लघवी कधी, एवढे लिहावे. दर वेळी गोळीनंतर दोन तासांनी तोल जात असेल, तर निम्मे निदान तिथेच झाले. सर्व पाकिटे, सिरिंजसुद्धा, पिशवीत घालून न्यावीत. मनाने मात्रा वाढवू नये आणि स्टेरॉइड एकदम बंदही करू नये.

ज्यात सकाळपर्यंत थांबता येत नाही असे प्रकार: झटके, आंधळेपणा, तोंड उघडे टाकून श्वास, मागचे पाय अचानक थंड पडून लुळे होणे, आणि बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय पण थेंबही येत नाही. हा शेवटचा प्रकार बद्धकोष्ठ समजून दवडला जातो. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो. एक दिवसापेक्षा जास्त न खाणेही मांजराच्या यकृताला झेपत नाही.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात प्राथमिक उपचार मिळतात. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. रक्त-लघवीच्या सविस्तर तपासण्या, सोनोग्राफी यांसाठी नीरा-लोणंद मार्गे शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा पुण्यात औंधचे जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय हे पर्याय आहेत. निघण्याआधी फोन करून मांजराचा रक्तदाब मोजण्याची सोय आहे का, हे विचारावे.

मांजर चावले किंवा बोचकारले असेल तर आधी माणसाकडे पाहावे. बाहेर फिरणाऱ्या, रेबीजची लस न घेतलेल्या मांजराची अचानक आक्रमकता औषधाची समजून सोडता येत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, हळद-चुना लावू नये आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करावी. मांजराला उघड्या हाताने धरू नये. जाड टॉवेल टाकून खोक्यात घ्यावे आणि पशुवैद्यकाला चाव्याची गोष्ट पहिल्या वाक्यातच सांगावी.