'ध'चा 'मा' होऊ नये म्हणून

'ध'चा 'मा' करणे हा वाक्प्रचार आपण सगळेच वापरतो. सन 1773 मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांना 'धरावे' असा हुकूम होता, त्यातल्या 'ध'चा 'मा' केला गेला, अशी आख्यायिका आहे. तो बदल मुद्दाम केला गेला असे म्हणतात. आम्हा वैद्यकीय मंडळींची अडचण वेगळी आहे. आमच्याकडे कोणाच्याही मनात वाईट नसताना 'ध'चा 'मा' होतो. सांगणारा प्रामाणिक, ऐकणारा कष्टाळू, तरी निरोप पोचतो तो भलताच. अशा गैरसमजाने कचेरीत फाईल अडते, दुकानात माल परत जातो. रुग्णालयात मात्र त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

एका रुग्णाभोवती किती माणसे काम करतात ते पाहा. डॉक्टर, तीन पाळ्यांच्या तीन सिस्टर, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, औषध दुकानदार, वॉर्डबॉय, मावशी आणि घरचे नातेवाईक. निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जाताना दरवेळी थोडा गळतो, थोडा बदलतो.

बावन्न की ब्याण्णव?

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका रुग्णालयात ठरावीक दिवशी रुग्ण पाहायला जात असे. तिथे मधुमेहाचे एक काका दाखल होते. संध्याकाळी प्रयोगशाळेतून फोन आला, तो बाहेरच्या टेबलावरील मुलाने घेतला आणि 'साखर 92' असे चिठ्ठीवर लिहून दिले. 92 म्हणजे उत्तम. रात्रीच्या जेवणाआधीचे इन्सुलिन द्यायची वेळ झाली होती. सिस्टर सिरिंज घेऊन खाटेपाशी गेल्या, तर काकांना दरदरून घाम आलेला, हात थरथरत होते आणि बोलणे जरा असंबद्ध. सिस्टरनी सिरिंज खाली ठेवली. वॉर्डात तेव्हा ग्लुकोमीटर नव्हता. त्यांनी स्वतः प्रयोगशाळेला फोन लावला आणि एवढेच विचारले, "पाच-दोन की नऊ-दोन?" उत्तर आले, "पाच-दोन."

साखर 70 च्या खाली गेली की ती कमी समजतात. 52 वर इन्सुलिन दिले असते तर काय झाले असते, हे सांगायला नको. काका शुद्धीवर होते, त्यांना साखरेचे पाणी पाजले, थोड्या वेळाने खायला दिले आणि अर्ध्या तासात ते गप्पा मारू लागले. बावन्न आणि ब्याण्णव हे शब्द फोनवर किती सारखे ऐकू येतात, ते एकदा मोठ्याने म्हणून पाहा. त्रेपन्न-त्र्याण्णव, अठ्ठावन्न-अठ्ठ्याण्णव ही त्याच कुळातली भावंडे. म्हणून फोनवर आकडा सांगताना आधी पूर्ण सांगावा आणि मग एकेक अंक सुटा म्हणावा. सवय लागायला दोन दिवस पुरतात.

आपलेच शब्द, आपलीच फजिती

आपल्या मराठीतला 'परवा' हा शब्द घ्या. तो कालच्या आधीचा दिवसही सांगतो आणि उद्याच्या नंतरचाही. "ड्रेसिंग परवा" असे केसपेपरवर लिहिले, तर झाले की करायचे? तारीख आणि वार लिहिला की प्रश्नच मिटतो.

दुसरी गंमत उपासाची. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी "उद्या उपास करून या" असे सांगितले, की काही आजीबाई सकाळी साबुदाण्याची खिचडी आणि केळे खाऊन, प्रसन्न चेहऱ्याने हजर होतात. त्यांचे काय चुकले? उपासाला खिचडी चालतेच! भूल देताना पोटात अन्न असेल तर ते उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. म्हणून साधारणपणे 6 तास आधी घन आहार बंद आणि 2 तास आधी पाणीही बंद ठेवतात. तेव्हा "उपास" न म्हणता, "रात्री बारानंतर अन्न, दूध, चहा, फराळ काही नाही, पाणी पहाटे अमुक वाजेपर्यंत" असे घड्याळाप्रमाणे सांगावे.

औषधांच्या बाबतीत तर फारच जपावे लागते. सांध्यांच्या आमवातासाठी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. "आठवड्याला" हा शब्द गर्दीत हरवतो, "दर सोमवारी" हा हरवत नाही. इन्सुलिनच्या बाटल्या आपल्याकडे दोन ताकदींच्या मिळतात, एका मिलिलीटरमध्ये 40 युनिटच्या आणि 100 युनिटच्या. सिरिंजही तशाच दोन. 40 वालीचे टोपण लाल, 100 वालीचे केशरी. 100 ची बाटली आणि 40 ची सिरिंज अशी गाठ पडली, तर 20 च्या रेघेपर्यंत भरलेल्या औषधात 50 युनिट जातात, म्हणजे अडीचपट! बाटली बदलली आणि ते कोणी कोणाला सांगितले नाही, एवढे त्याला पुरते.

नावांचाही घोळ होतो. अमेरिकेत आम्लपित्तावरील 'लोसेक' हे नाव लघवी वाढवणाऱ्या 'लॅसिक्स'शी मिळतेजुळते असल्याने गोंधळ होऊ लागला आणि 1990 मध्ये तिथे त्या औषधाचे नावच बदलावे लागले. आपल्याकडे 2016 मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीतील इंग्रजी अक्षरांत लिहिण्यास सांगितले. अक्षर लागत नसेल तर दुकानदाराने अंदाज बांधू नये, फोन करावा. त्यात कोणाचाही अपमान नाही.

विचारायची भीती

गैरसमजाचे सर्वांत मोठे कारण कानात नसते, मनात असते. "सरांना परत कसे विचारायचे? ते ओरडतील." या एका वाक्याने जगभर माणसे मेली आहेत. 27 मार्च 1977 रोजी कॅनरी बेटांवरील टेनेरीफच्या विमानतळावर दाट धुके होते. एका जंबो विमानाच्या कॅप्टनने परवानगी मिळालेली नसताना उड्डाणासाठी धाव घेतली. समोरचे दुसरे जंबो अजून धावपट्टीवरच होते. "ते विमान बाजूला झाले आहे ना?" अशी शंका कॉकपिटमधील इंजिनिअरने काढलीही होती, पण कॅप्टनने ती ठामपणे झटकून टाकली. 583 माणसे दगावली. त्यानंतर नियम झाला, की 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, एरवी नाही.

रुग्णालयांनी विमानवाल्यांकडून बरेच घेतले. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची यादी काढली. पहिला छेद घेण्यापूर्वी सगळ्यांनी आपले नाव आणि काम सांगायचे, रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणती, कोणत्या जागी, हे मोठ्याने म्हणायचे. दिल्लीसह 8 शहरांतील 8 रुग्णालयांत ती वापरून पाहिली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत मोठी गुंतागुंत 11 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आणि मृत्यू 1.5 वरून 0.8 टक्क्यांवर आले. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. फक्त एकमेकांशी नीट बोलणे!

सर्वांसाठी चार सवयी

बँक असो, शाळा असो की एस. टी. डेपो, या सवयी कुठेही लावता येतील.

1. तोंडी सूचना मिळाली की लिहून घ्या आणि लिहिलेले परत वाचून दाखवा. सांगणाऱ्याने "बरोबर" म्हटल्यावरच काम सुरू करा. व्हॉट्सअपवरच्या दोन निळ्या खुणा म्हणजे निरोप उघडला, समजला असे नव्हे.

2. वरिष्ठांना फोन करताना चार गोष्टी क्रमाने सांगा: आता काय घडते आहे, आधी काय झाले होते, मला काय वाटते, तुमच्याकडून काय हवे आहे. "पेशंट जरा बरा वाटत नाही" या वाक्यावर डॉक्टर अंथरुणातून उठत नाहीत. "खाट नंबर 6, रक्तदाब 80 वर आला आहे, तुम्ही लगेच या" यावर उठतात.

3. पाळी बदलताना जिन्यात निरोप देऊ नका. रजिस्टर उघडून, राहिलेले काम बोटाने दाखवून सोपवा.

4. शंका विचारणाऱ्यावर ओरडू नका. ही सवय साहेबांसाठी आहे. एकदा ओरडलात, की तो पुन्हा विचारणार नाही, अंदाजाने करील. त्या संध्याकाळी त्या सिस्टरना कोणी "तुम्हाला काय करायचंय" म्हणून आधी दटावलेले असते, तर त्यांनी तो फोन केला असता का?

आणि वाचकहो, तुम्ही रुग्ण म्हणून आमच्याकडे याल तेव्हा नुसती मान डोलवू नका. "समजलं ना?" असे डॉक्टरांनी विचारले की आपल्याकडे उत्तर ठरलेले असते, "हो." त्याऐवजी म्हणा, "डॉक्टर, मी काय समजलो ते सांगतो, बरोबर आहे का पाहा. ही पांढरी गोळी सकाळी उपाशीपोटी, ही पिवळी रात्री जेवल्यावर, आणि पुन्हा यायचं ते पुढच्या गुरुवारी." याला अर्धा मिनिट लागतो. बाहेर कितीही रांग असली, तरी तेवढा अर्धा मिनिट मागून घ्या. तो तुमच्या हक्काचा आहे.