थीम छान होती, पण लोक एकमेकांना भेटले का?

कल्पना करा. एका उद्योजक संघटनेने दोनशे व्यावसायिकांसाठी नेटवर्किंगची संध्याकाळ ठेवली आहे. थीम आहे 'रेल्वे स्टेशन'. दाराशी तिकीट खिडकी, आत बाकडी, वर फलाटांच्या पाट्या, कोपऱ्यात चहाचा स्टॉल, मधूनमधून गाड्यांच्या घोषणा. लोक फोटो काढतात आणि जाताना अभिप्रायाच्या फॉर्मवर 'अप्रतिम' लिहून जातात. मग आयोजक तुम्हाला गाठतात आणि विचारतात, "तुम्ही संशोधन करता ना? मग सांगा, कार्यक्रम यशस्वी झाला का?"

लगेच 'हो' म्हणू नका. इथे प्रश्न एक नाही, दोन आहेत. लोकांना मजा आली का, हा पहिला. एकमेकांना न ओळखणारे लोक खरंच भेटले का, हा दुसरा. फॉर्मने फक्त पहिल्याचं उत्तर दिलंय, आणि कार्यक्रम तर दुसऱ्यासाठी होता. संशोधनाची तयारी करताना ही गफलत ओळखता आली, तर पुढचे बरेच महिने वाचतात.

लोक म्हणतात एक, करतात दुसरंच

पॉल इन्ग्राम आणि मायकल मॉरिस यांचा २००७ चा एक शोधनिबंध या विषयात जरूर वाचावा असा आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया बिझनेस स्कूलमध्ये नोकरी-व्यवसाय सांभाळून एमबीए करणाऱ्या शंभरेक लोकांसाठी त्यांनी एक मेळावा ठेवला. प्रत्येकाच्या छातीवर इलेक्ट्रॉनिक बिल्ला होता. कोण कोणासमोर किती वेळ उभं राहिलं, याची नोंद तो आपोआप करायचा.

आधीच्या सर्वेक्षणात बहुतेकांनी सांगितलं होतं, की आम्हाला नवे लोक भेटायला हवेत. प्रत्यक्षात काय झालं? हॉलमधल्या साधारण एक तृतीयांश लोकांशीच त्यांची आधीची ओळख होती, पण निम्म्याच्या आसपास वेळ याच ओळखीच्या माणसांसोबत गेला. यांना नुसतं विचारलं असतं तर निष्कर्ष वेगळा निघाला असता. बिल्ल्याने वागणं मोजलं, म्हणून फरक दिसला.

आणखी एक गंमत. सर्वांत वेगवेगळ्या लोकांत मिसळलेला माणूस पाहुण्यांपैकी नव्हताच, तो होता बारटेंडर! याचा अर्थ तो फार बोलका होता, असा घ्यायची गरज नाही. त्याच्याकडे एक काम होतं, आणि त्या कामामुळे प्रत्येकाला त्याच्याकडे जायला कारण होतं. माझ्या मते या विषयाची किल्ली इथे आहे. अनोळखी माणसाशी बोलायला इच्छा पुरत नाही, निमित्त लागतं.

सजावट आणि नियम

आता थीमकडे येऊ. 'इमर्सिव्ह' म्हणजे आलेला माणूस नुसता प्रेक्षक न राहता त्या जगात वावरतो. २०११ पासून न्यूयॉर्कमध्ये बरीच वर्षं चाललेलं 'स्लीप नो मोअर' हे नाटक याचं गाजलेलं उदाहरण. प्रेक्षक मुखवटा घालून, न बोलता, अनेक मजल्यांवर मोकळे फिरायचे. सोबत आलेल्यांची लिफ्टपाशीच ताटातूट केली जायची, म्हणजे प्रत्येकाने आपापली वाट धरावी.

यातलं काय उचलायचं आणि काय सोडायचं? मुखवटा आणि मौन सोडा. नेटवर्किंगला चेहरा आणि नाव लागतं. ताटातूट मात्र उचला. ती सजावट नाही, तो नियम आहे, आणि तो थेट कोलंबियात दिसलेल्या अडचणीवर इलाज करतो.

आपल्या स्टेशनवर हे असं होईल : तिकिटावर डबा आणि आसन क्रमांक छापायचा. एकाच कंपनीतल्या लोकांना वेगवेगळे डबे. शिट्टी वाजली की डबा बदलायचा, आणि प्रत्येक डब्यात मिळून सोडवायचा एखादा प्रश्न. आता तिकीट ही शोभेची वस्तू राहिली नाही, त्याने निमित्त दिलं. याचा सर्वांत जास्त फायदा कोणाला? जो एकटा आलाय, ज्याची हॉलमध्ये कोणाशीच ओळख नाही, त्याला. नुसत्या सजावटीच्या कार्यक्रमात तो हातात प्लेट घेऊन भिंतीशी उभा राहतो आणि लवकर निघतो. त्याचा फॉर्म भरलाच जात नाही, त्यामुळे त्याचं अपयश आकडेवारीत दिसतही नाही.

मग हे तपासायचं कसं?

'सजावटीने फरक पडला की नियमाने?' हा तुमचा संशोधन प्रश्न. चार प्रकार करा : दोन्ही आहेत, फक्त सजावट, फक्त नियम, दोन्ही नाहीत. 'दोन्ही आहेत' हा एकच प्रकार पाहिला, तर श्रेय कोणाचं हे कधीच कळणार नाही.

इथे बरेच जण एक चूक करतात. एका संध्याकाळी दोनशे लोक आले, म्हणजे आपल्याकडे दोनशे स्वतंत्र निरीक्षणं झाली, असं धरतात. तसं नाही. त्या सगळ्यांवर तोच हॉल, तोच निवेदक, तोच पाऊस यांचा परिणाम झालाय. चार प्रकारांसाठी चारच संध्याकाळी घेतल्या, तर प्रत्येक प्रकाराला एकच उदाहरण मिळतं.

यातून वाट आहे. हार्वर्ड मेडिकल स्कूलमधल्या एका प्रयोगात संशोधन अनुदानाच्या निमित्ताने शास्त्रज्ञांना बोलावलं होतं. कोण कोणत्या सत्रात बसणार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं यदृच्छेने ठरवलं. सत्र ९० मिनिटांचं, आखीव स्वरूपाचं. निरीक्षणाचा घटक एक माणूस नव्हता, दोघांची जोडी होती. एकाच सत्रात बसलेल्या जोडीने पुढे मिळून अर्ज करण्याची शक्यता ७५ टक्क्यांनी वाढली. पण हा आकडा नीट वाचा. ही वाढ मुळातल्या शक्यतेच्या तुलनेत आहे, आणि कुठल्याही दोघांनी मिळून अर्ज करण्याची मूळ शक्यता फार लहान असते. '७५ टक्के जोड्यांनी अर्ज केला' असं लिहिलंत, तर व्हायवात पहिला प्रश्न तोच येईल.

यात त्यांनी काय मोजलं तेही बघा. समाधान नाही, व्हिजिटिंग कार्डांची संख्याही नाही. नंतर घडलेली कृती मोजली. तुमच्या स्टेशनसाठी तीन महिन्यांनी विचारा : त्या संध्याकाळी पहिल्यांदा भेटलेल्या किती जणांशी पुन्हा बोलणं झालं? बिल्ले वापरणार असाल, तर लोकांची स्पष्ट संमती आधी घ्या, आणि ज्याला नको असेल त्याला बिल्ल्याविना सहभागी होऊ द्या.

जाता जाता एक घरचा अभ्यास. पुढच्या परिषदेत चहाच्या सुट्टीत किती मिनिटं आपल्याच लॅबच्या मित्रांसोबत गेली, ते घड्याळ लावून मोजा. आकडा पाहून वाईट वाटून घेऊ नका, कोलंबियातले अनुभवी व्यावसायिकही तसेच वागले. फक्त त्यानंतरच्या सुट्टीत स्वतःला एखादं काम लावून घ्या. पोस्टर लावायला मदत करा, नोंदणीच्या टेबलाशी बसा, नाहीतर सरळ चहा वाटायला उभे राहा. लोक आपणहून तुमच्याकडे येतील.