दोनाचे चार लिटर करू नका

सीओपीडी हा फक्त विडी-सिगारेटवाल्यांचा आजार, असं आपण धरून चालतो. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या कित्येक आज्यांना तो धुरानेच जडलेला असतो.

घरात ऑक्सिजनचं मशीन आलं की वाटतं, धाप वाढली, दोनाचे चार लिटर करावेत. गोची इथेच आहे. या आजारात काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि जादा ऑक्सिजनने तो आणखी चढतो. म्हणून अशांसाठी डॉक्टर ऑक्सिमीटरवर सहसा ८८ ते ९२ एवढंच ठेवायला सांगतात. ९८चा हट्ट नको. आजी शांत झोपलीय असं आपल्याला वाटतं, पण ती गुंगीही असू शकते. सकाळी डोकं दुखणं, पेंगणं, असंबद्ध बोलणं दिसलं की थेट दवाखाना गाठा. मशीन मनाने बंदही करू नका. आणि हो, समई असो की तसबिरीपुढची मेणबत्ती, मशीनच्या खोलीत नको.

धाप लागली की पुढे वाकवून, कोपरं उशीवर टेकवून बसवा. श्वास नाकाने घ्यायचा, शिट्टीसारखे ओठ करून सावकाश सोडायचा. आपणही शेजारी बसून तसंच करावं. “घाबरू नकोस” म्हणण्यापेक्षा ते जास्त उपयोगी. प्रश्न मात्र मानेने उत्तर देता येईल असेच विचारा.